वांद्र्याची कृपा

दारुड्याच्या घरात शपथांना तोटा नसतो. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली, माउंट मेरीला मेणबत्ती लावून घेतलेली. चार दिवस जातात आणि पाय पुन्हा गुत्त्याकडे वळतात. कृपा फाउंडेशन या व्यसनमुक्ती संस्थेत शपथ कुणी मागत नाही. दारूपुढे आपलं काही चालत नाही, एवढं चारचौघांत कबूल करायचं. पहिली पायरी ती.

फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात हे काम सुरू केलं. १९४९च्या दारूबंदी कायद्याने मुंबईला चोरट्या दारूचे, आंटीचे अड्डे दिले होते, त्यात आता गर्दच्या नशेची भर पडत होती. पुण्यात अवचट दांपत्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहायला अजून पाच वर्षं होती. पुढे वसईसह देशात ठिकठिकाणी कृपाची केंद्रं निघाली. २००९मध्ये फादरना पद्मश्री मिळाली.

पायऱ्या बारा, आणि त्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या. १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रनमध्ये बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस आणि डॉक्टर बॉब स्मिथ भेटले, तिथून ही चळवळ सुरू झाली. दोघेही दारूच्या व्यसनात सापडलेले, दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीच्या संपर्कातले. आपल्या दोषांची झडती घ्यायची, ते दुसऱ्या माणसासमोर बोलायचे, केलेलं नुकसान भरून द्यायचं, हे सगळं तिथलंच. देव मात्र ज्याला जसा उमगेल तसा, अशी मोकळीक त्यांनी ठेवली. म्हणूनच चर्चच्या छायेत वाढलेल्या कृपात कुणाला धर्म विचारत नाहीत.

माणूस आपल्या पुण्याईने नव्हे, देवाच्या दयेने तरतो, असं ख्रिस्ती शिकवण सांगते. पुण्याई केव्हाच संपलेल्या माणसाला हे ऐकून किती हायसं वाटत असेल! पण नुसत्या प्रार्थनेवर भिस्त ठेवून चालत नाही. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जातो. तिथे डॉक्टरच हवा.

फादर जो हे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. सगळ्या ख्रिस्ती मंडळींना योग रुचतो असं नाही; व्हॅटिकननेही १९८९च्या एका पत्रात अशा पद्धतींबाबत सावध केलं होतं. तरीही फादरनी आसनांना उपचारात मानाची जागा दिली. अय्यंगार पद्धतीत लोखंडी घडीची खुर्ची असते, तिची पाठ काढून टाकलेली. पाय आत घालून बसायचं, मागे रेलत खांदे कडेपलीकडे न्यायचे, डोकं खाली. वर्षानुवर्षं पोक काढून वावरलेली छाती उघडते. हात थरथरत असले तरी भार खुर्ची घेते, हे मला फार शहाणपणाचं वाटतं. नव्याने दारू सोडलेल्याच्या अंगात ताकद असते कुठे?

बारा पायऱ्यांच्या मिटिंगमध्ये जो तो आपलं नाव आणि आपण अल्कोहोलिक आहोत हे सांगून बोलायला लागतो. हिशेब आजच्या दिवसाचा. स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायला, तर मोजणी पहिल्यापासून.

आठव्या पायरीला दुखावलेल्यांची यादी करायची आणि नवव्या पायरीला, त्यांना आणखी इजा होणार नसेल तर, भरपाई करायची. वाण्याची उधारी चुकती करता येते, मित्राचे पैसे परत देता येतात. बायकोचा हिशेब लांबतो. तिची माफी पूर्वीही पुष्कळदा मागितलेली असते, बहुतेक वेळा पगाराच्या दुसऱ्या दिवशी. आता ती काही महिने नुसती बघते.