जाहिरातीपासून पेटीपर्यंत : ऑनलाइन विचारणांचा हिशेब

कोकणातील हापूसची थेट विक्री करणारे अनेक बागायतदार आणि शेतकरी उत्पादक कंपन्या फेब्रुवारी-मार्चपासूनच फेसबुक, इन्स्टाग्राम व गूगलवर जाहिराती देऊ लागतात. फळाचा भर एप्रिल-मे महिन्यांत असतो. मधल्या काळात मोबाइलवर शेकडो संदेश येतात. परंतु हंगाम संपल्यावर कोणत्या जाहिरातीमुळे किती पेट्या विकल्या गेल्या, या प्रश्नाचे उत्तर बहुधा कोणाकडेच नसते. मग पुढील वर्षीचा खर्च सर्वाधिक पसंती मिळालेल्या जाहिरातीवर होतो आणि तीच जाहिरात तोट्याची असू शकते.

याचे कारण विक्रीच्या पद्धतीत आहे. जाहिरात पाहणारा ग्राहक व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश पाठवतो, दूरध्वनीवर भाव ठरवतो आणि यूपीआयने पैसे देतो. जाहिरात दाखवणाऱ्या मंचाला सुरू झालेला संवाद दिसतो, खात्यात जमा झालेली रक्कम दिसत नाही. त्यामुळे मंचाच्या अहवालातील ‘संदेश’ ही केवळ विचारणा असते, म्हणजेच विपणनाच्या परिभाषेतील ‘लीड’. विचारणा आणि विक्री यांमधील दुवा विक्रेत्यालाच जोडावा लागतो.

त्यासाठी महागडी संगणक प्रणाली घेण्याची घाई करू नये. दोन-तीनशे पेट्यांच्या विक्रीला साधी वही किंवा स्प्रेडशीट पुरते. प्रत्येक जाहिरातीला वेगळा संकेत द्यावा. व्हॉट्सअ‍ॅपकडे नेणाऱ्या जाहिरातीत ग्राहकाचा पहिला संदेश आधीच लिहून ठेवता येतो. त्यात ‘हापूस-१’, ‘हापूस-२’ असा संकेत घातला, की संदेश येताच त्याचा स्रोत कळतो. स्वतःचे संकेतस्थळ असल्यास दुव्याला यूटीएम ही खूण जोडावी. फोन करणाऱ्यास मात्र विचारावेच लागते. जाहिरात नेमकी कोठे पाहिली हे लोकांना आठवतेच असे नाही, म्हणून छापील पत्रकावर व ऑनलाइन जाहिरातीत वेगवेगळे फोन क्रमांक देणे अधिक खात्रीचे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमधील ‘नवा ग्राहक’, ‘पैसे बाकी’, ‘पैसे मिळाले’ अशा अर्थाची लेबले वापरल्यास विचारणा कोठे अडली हेही दिसते. नोंदवहीत तारीख, संकेत, गाव, पेट्यांची संख्या, मिळालेली रक्कम आणि तक्रार किंवा परतावा, एवढे रकाने असावेत. संकेत नसलेली विक्री ‘अज्ञात’ म्हणून लिहावी. अंदाजाने कोणत्याही जाहिरातीच्या खाती टाकू नये.

आता हिशेब. समजा, दोन जाहिरातींवर प्रत्येकी ६,००० रुपये खर्च झाले. पहिलीत बागेची सुंदर चित्रफीत आहे. तिच्यामुळे २४० संदेश आले व १२ पेट्या विकल्या गेल्या. दुसरीत पेटीतील फळांची संख्या, भाव व रवाना होण्याची तारीख स्पष्ट दिली आहे. तिच्यामुळे ६० संदेश आले, पण २० पेट्या गेल्या. प्रत्येक संदेशाचा खर्च पहिलीत २५ रुपये, दुसरीत १०० रुपये. मंचाच्या अहवालात पहिलीच सरस दिसेल. प्रत्येक विकलेल्या पेटीमागील खर्च मात्र अनुक्रमे ५०० व ३०० रुपये पडतो.

पेटीचा भाव ३,५०० रुपये, फळाची किंमत २,४०० रुपये, पेटी व गवताचे १५० आणि वाहतुकीचे ३५० रुपये धरल्यास जाहिरातीपूर्वी ६०० रुपये उरतात. फळाची किंमत येथे व्यापाऱ्याकडून मिळाला असता तो भाव धरावी. ती वगळली तर थेट विक्री नेहमीच फायद्याची भासते. पहिल्या जाहिरातीतून एकूण १,२०० रुपये उरले, दुसरीतून ६,०००. प्रत्येकीतील एका पेटीत साका निघून तिचे पूर्ण पैसे परत करावे लागले, तर पहिली २,३०० रुपये तोट्यात जाते, दुसरीत तरीही २,५०० रुपये शिल्लक राहतात. परताव्याचा रकाना म्हणूनच टाळता येत नाही.

कालावधीचाही विचार हवा. मंचावर विक्रीची नोंद जोडलेली असली, तरी ती जाहिरातीच्या खाती ठरावीक मुदतीतच धरली जाते. फेसबुकवर क्लिकनंतरचे ७ दिवस, तर गूगलवर ३० दिवस, ही सर्वसाधारण मांडणी आहे. मार्चमध्ये विचारणा करून मेमध्ये पेटी घेणारा ग्राहक या दोन्ही मुदतींबाहेर राहतो. उलट, एकाच ग्राहकाने दोन्हीकडे क्लिक केले असेल, तर एकाच विक्रीचे श्रेय दोन्ही मंच घेतात. दोन अहवालांची बेरीज खात्यातील जमेपेक्षा जास्त दिसते ती यामुळे.

याहून अवघड प्रश्न असा, की जाहिरात नसती तर तो ग्राहक आलाच नसता काय? खताचा परिणाम पाहताना शेतकरी शेजारचा एक वाफा खताविना ठेवतो. तीच रीत येथे लागू पडते. पंधरा दिवस पुण्यात जाहिरात चालू व नाशिकमध्ये बंद ठेवावी, नंतर उलट करावे आणि दोन्हीकडील एकूण विक्री पाहावी, ‘अज्ञात’ धरून. एकाच शहरातील दोन आठवड्यांची तुलना फसवी ठरते; अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मागणी आपोआपच वाढते आणि श्रेय जाहिरातीला जाते. चार-पाच पेट्यांच्या फरकावरूनही निष्कर्ष काढू नये. जुन्या ग्राहकांची नोंद वेगळी ठेवावी, कारण त्यांतील अनेक जण एका साध्या संदेशावरही पेटी मागवतात.

ही नोंदवही म्हणजे ग्राहकांच्या फोन क्रमांकांचा व पत्त्यांचा संग्रहही असतो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात संमती आणि सांगितलेल्या हेतूपुरताच वापर यांवर भर आहे. पेटी पोहोचवण्यासाठी घेतलेला क्रमांक न विचारता समूहात जोडणे किंवा दुसऱ्या विक्रेत्यास देणे योग्य नाही. पुढील हंगामाची सूचना हवी आहे काय, हे पेटी पोहोचल्यावर विचारून त्याचे उत्तर त्याच वहीत एका रकान्यात नोंदवावे.