चिपला बेस हवा

घरात विजेचा दिवा असतो. एखाद्या दिवशी तो जातो. मग आपण काय करतो? जुना दिवा होल्डरमधून काढतो आणि नवा बसवतो. होल्डर तोच राहतो. तारांना कुणी हात लावत नाही. समजा, दिवा तारांनाच कायमचा जोडून टाकला असता तर? दर वेळी तारा तोडत बसावे लागले असते.

चिपचेही तसेच आहे.

चिप म्हणजे काय? चिप ही काळ्या रंगाची लहानशी वडी असते. तिच्या दोन्ही बाजूंना धातूचे पाय असतात. पोटात विजेच्या बारीक बारीक वाटा असतात. १९५८ साली अमेरिकेत जॅक किल्बी यांनी पहिली चिप करून दाखवली. आज रेडिओत, टीव्हीत, मोबाइलमध्ये चिप असते. दुकानदार तिला 'आयसी' म्हणतात. ती ज्यात बसते, त्या होल्डरला 'आयसी बेस' म्हणतात.

पुणे जिल्ह्यात पाबळ गावी विज्ञान आश्रम आहे. डॉ. कलबाग यांनी तो १९८३ साली सुरू केला. हाताने काम करायचे आणि करता करता शिकायचे, ही तिथली रीत. पण हाताने काम केले की चुकाही होणारच. चूक झाली तरी सामान वाया जाऊ नये, एवढी सोय करून ठेवावी. बेस ही तशीच सोय आहे.

एक उदाहरण घेऊ. घरावर पाण्याची टाकी आहे. पंप चालू केला आणि आपण कामात विसरलो. टाकी भरून वाहू लागली. उन्हाळ्यात असं पाणी वाया गेलं तर जीव हळहळतो. टाकी भरताच वाजणारा भोंगा घरी बनवता येतो. त्यात ५५५ नावाची चिप वापरतात. ही चिप १९७२ साली बाजारात आली. आजही ती सहज मिळते. तिला आठ पाय असतात. नऊ व्होल्टच्या लहान बॅटरीवर हा भोंगा चालतो. पंपाच्या तारांना मात्र हात लावू नका. ते काम वायरमनचे.

गळक्या भांड्याला डाख देतात, तसा चिपच्या पायांना बोर्डावर डाख देतात. पाणी १०० अंशांवर उकळते. डाख देण्याची सळई ३०० अंशांच्याही वर तापते. ती जास्त वेळ टेकली तर चिप जळते. चिप उलटी लागली आणि बॅटरी जोडली, तरीही ती जाते. मग ती काढायची कशी? आठही पायांचा डाख एकदम वितळत नाही. ओढाताण केली तर बोर्डावरची तांब्याची रेघ उखडते. चिप गेलीच, वर बोर्डही गेला. आणि शिकणाऱ्याचा धीर सुटला, तो वेगळाच.

म्हणून आधी रिकामा बेस बोर्डावर डाखावा. तो गार झाला की चिप नुसती दाबून बसवावी.

हे सामान पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळते. दुकानात बेस मागितला की दुकानदार विचारतो, "किती पायांचा?" म्हणून घरूनच पाहून जावे.

पहिली गोष्ट, पाय मोजा. आठ पायांच्या चिपला आठ भोकांचा बेस लागतो.

दुसरी गोष्ट, रुंदी पाहा. आठ, चौदा आणि सोळा पायांच्या नेहमीच्या चिपमध्ये पायांच्या दोन ओळींत सुमारे साडेसात मिलिमीटर अंतर असते. चाळीस पायांच्या चिपमध्ये ते दुप्पट असते. अठ्ठावीस पायांची चिप अरुंद असते आणि रुंदही असते. तिथे नुसते पाय मोजून भागत नाही. चिप बरोबर न्यावी, हेच बरे.

तिसरी गोष्ट, जात ठरवा. साध्या बेसमध्ये पातळ पट्ट्या असतात. त्या चिपचा पाय चिमटीत धरतात. तो काही रुपयांत मिळतो. भोंग्याला तो पुरे. दुसरा गोल भोकांचा बेस. तो महाग असतो, पण पाय घट्ट धरतो. काम बरीच वर्षे चालायला हवे असेल, तर तो घ्यावा. मात्र त्याच्या भोकात जाड तार खुपसू नये. भोक सैल होते.

महाग तेच चांगले, असे समजू नका. आणि हलक्यातला हलका बेसही घेऊ नका. पट्टी सैल असली तर भोंगा कधी वाजतो, कधी वाजत नाही. चिप बोटाने दाबली की वाजतो. मग आपण चिपला दोष देतो, आणि दोषी असतो बेस.

आता बसवण्याची रीत. बेसच्या एका टोकाला खाच असते. चिपलाही खाच किंवा ठिपका असतो. दोन्ही एकाच बाजूला आले पाहिजेत. नव्या चिपचे पाय थोडे फाकलेले असतात. ते टेबलावर हलके दाबून सरळ करावेत. बसवताना आणि काढताना बॅटरी सोडवावी. चिप काढताना चिप आणि बेस यांच्या फटीत चपटा पेचकस घालावा. थोडे या टोकाने, थोडे त्या टोकाने उचलावे. एकाच बाजूने उचकटले तर पाय वाकतात.

सगळीकडे बेस चालतो असे मात्र नाही. ट्रॅक्टरवर किंवा मोटारसायकलवर सारखे हादरे बसतात. तिथे चिप बेसमधून हळूहळू वर सरकते. काही चिप फार तापतात. त्यांची उष्णता पायांतून बोर्डात जावी लागते. अशा ठिकाणी चिप सरळ बोर्डावरच डाखतात.

दुकानात जाण्याआधी एक चिठ्ठी लिहा. "५५५ चिप एक. आठ पायांचा बेस एक, अरुंद, साधा." तुम्हाला आता लिहिता येते. दुकानदाराने सामान दिले की चिपवरचा आकडा स्वतः वाचा आणि बेसची भोके स्वतः मोजा. मगच पैसे द्या.