सात डोकी, दोन खोल्या, एक डबा

एप्रिल २०१३ मध्ये दोन गोष्टी जवळजवळ एकत्रच झाल्या. डहाणूपर्यंत लोकल आली आणि तिकडे खोपोलीजवळ इमॅजिका हे पाळण्यांचं पार्क उघडलं. मुंबई जवळ आली, तसं पोरांचं मागणंही जवळ आलं. आमच्याकडे तो हट्ट यंदा पुरा झाला, आणि त्याचा हिशेब मांडला वन्संनी. त्या तलासरीला शाळेत शिकवतात, आणि दरवर्षी सहलीचा जमाखर्च त्यांच्याच गळ्यात पडतो.

त्यांनी आधी तिकिटाची ओळच खोडली. "वहिनी, आत शिरायचे पैसे कुठेही राहिलो तरी तेवढेच. भांडायचं ते झोपेशी आणि पोटाशी."

आम्ही चार मोठे, तीन मुलं. एक बेत पहाटे तीनला जीप काढून रात्री परत यायचा. तो मुलांच्या आजीने नुसत्या नजरेने मोडला. दुसरा, आदल्या रात्री खोपोलीत साध्या लॉजवर उतरायचं. तिसरा, चांगल्या हॉटेलात, सकाळच्या नाश्त्यासकट.

तिसऱ्याचा मोह मला होता. खोलीचा भाव ७,६०० निघाला. वन्संनी पेन्सिल थांबवली. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० पर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के, त्याच्या वर गेलं की १८. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. शंभर रुपयांच्या फरकावर ९९३ रुपयांचा जादा कर!

"पण नाश्ता फुकट ना?" मी म्हटलं.

"फुकट नाही, खोलीत धरलेला. आणि तो वजा करायचा तर हॉटेलच्या दराने नको. आपण बाहेर पोहे-चहाला जे दिले असते, तेवढेच वजा कर." सात जणांचे ५६० झाले. या एका वाक्यासाठी मी वन्संना अर्थमंत्री करायला तयार आहे.

तरी हॉटेल महागच, म्हणून लॉज. त्याच्या दोन खोल्या १,८०० प्रमाणे, करासकट ३,७८०. स्वस्त म्हणून मी खूश, तोवर त्यांनी खाली लिहिलं: ड्रायव्हरचा मुक्कामभत्ता ५००, त्याचं जेवण वेगळं. राहण्याच्या खर्चात हा माणूस कोणी धरत नाही.

मग जेवण. आमच्याकडे चैत्रात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेला जातात, तेव्हा भाकरी गाठोड्यातच असते. पाळण्यात बसायचं, सुके बोंबील घ्यायचे, आणि झाडाखाली आपलंच खायचं. खर्च होतो तो हौसेवर, भुकेवर नाही. पार्कात बाहेरचं खाणं नेता येत नाही. तिथे भूक हाच सगळ्यात महाग पाळणा.

म्हणून वन्संनी शिदोरी जागेवरून हलवली. तांदळाची भाकरी वाळून पापड होते, तेव्हा दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, लोणचं. हे आदल्या रात्री लॉजवर. सकाळी सगळ्यांना बळेबळे नाश्ता, आणि आत एकच जेवण, माणशी ४०० धरून २,८००. शिवाय वरखर्च १,०००. दशम्यांचा दुसरा डबा मात्र जीपमध्येच ठेवायचा.

झालंही तसंच, थोडं सोडून. मुलांनी नाश्त्याला नाकं मुरडली आणि अकरालाच भूक काढली. जेवण २,८०० च्या आतबाहेर बसलं, कारण आजींनी निम्मं ताट धाकट्याला दिलं. वरखर्च तेवढा उधळला: १,६४०.

संध्याकाळी गाडीत बसलो आणि दुसरा डबा उघडला. दिवसभर उन्हात गाडीत राहून लोणच्याचा वास सगळ्या जीपभर. ड्रायव्हरदादांनी दोन दशम्या मागून घेतल्या. महामार्गावर चारोटीजवळ डावी-उजवी कळेनाशी झालेली मुलं एकमेकांवर कलंडली होती. वन्संनी मोबाईलच्या उजेडात वही काढली, १,६४० समोर तिरकी रेघ ओढली आणि बाजूला लिहिलं: तहान धरली नव्हती.