डब्यावर ८०, पोटात ६६!

सायकलला इंजिन बसवायची हौस शंभरहून अधिक वर्षं जुनी आहे. आज अमेरिकेतल्या हौशी मंडळींना इंजिन, टाकी, कार्बोरेटर, चेन, क्लचची केबल असं सगळं एका खोक्यात घरपोच मिळतं. बहुतेक खोकी येतात चीनमधून. पहिल्यांदाच हा उद्योग करणाऱ्याने त्यातलं कुठलं उचलावं? त्याचं उत्तर शोधताना हाती लागलेल्या या काही गमती. प्रत्येकीतून एक कामाची गोष्ट निघते.

१४ सीसी गेले कुठे?
‘८० सीसी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लोकप्रिय टू-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ४७ मिमी, पिस्टनची धाव ३८ मिमी. शाळेतलं सूत्र लावा, उत्तर येतं ६६ सीसी! उरलेले १४ सीसी फक्त जाहिरातीत. तेवढ्याच धावेचा आणि ४० मिमी व्यासाचा धाकटा भाऊ भरतो ४८ सीसी. पहिल्या सायकलला धाकटाच बरा. थरथर कमी, फ्रेमवर ताण कमी. शिवाय अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत कायद्याची रेघ ५० सीसीच्या आसपास आहे.

हार्लेलाही पॅडल मारावं लागलं
विल्यम हार्लेने १९०१ मध्ये सायकलवर बसेल अशा ११६ सीसी इंजिनाचा आराखडा काढला. १९०३ मध्ये गाडी तयार झाली, पण मिलवॉकीचे चढ काही तिला पॅडलच्या मदतीशिवाय चढेनात. मग हार्ले आणि त्याचे भागीदार डेव्हिडसन बंधू यांनी मोठं इंजिन आणि त्याला पेलणारी वेगळी फ्रेम अशी दोन्ही कामं एकदम केली. नुसतं इंजिन मोठं करून भागत नाही, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

होंडाची टाकी
१९४६ मध्ये सोइचिरो होंडा यांनी लष्कराच्या वायरलेस संचाच्या जनरेटरची उरलेली छोटी इंजिनं मिळवली आणि सायकलला जोडली. पहिल्या नमुन्यावर पेट्रोलची टाकी म्हणून काय होतं? अंथरूण ऊबदार करायची गरम पाण्याची बाटली! १९५२ मध्ये त्यांच्या कंपनीने ‘कब एफ’ हे मागच्या चाकाशी बसणारं किट काढलं. भागीदार ताकेओ फुजिसावा यांनी ते विकण्यासाठी जपानभरच्या सुमारे ५५,००० सायकल दुकानांना पत्रं धाडली. माल चांगला असून पुरत नाही, गल्लीत दुकान लागतं. म्हणून किट घेण्याआधी विचारा: पिस्टन रिंग, गॅस्केट, क्लचचे पॅड, कार्बोरेटर सुटे मिळतात का? ‘नाही’ म्हणाला तर पुढचं दुकान गाठा.

टायरवर रूळ
फ्रान्सच्या वेलोसोलेक्स या मोपेडचं इंजिन पुढच्या चाकावर बसायचं आणि एक रूळ टायरवर दाबून चाक फिरवायचा. इंजिनाला ना चेन, ना दातेरी चाक! १९४६ पासून लाखोंनी खपली. बसवायला ही पद्धत सोपी खरी, पण टायर ओला झाला की रूळ घसरतो आणि टायर झिजतो ते वेगळंच. पावसात फिरायचं असेल तर चेनवालं किट घ्या.

नऊ बोल्ट, छत्तीस तारा
चेनवाल्या किटचं मोठं दातेरी चाक मागच्या चाकाच्या तारांनाच आवळतात. तारांच्या दोन्ही बाजूंना रबराच्या चकत्या, आरपार नऊ बोल्ट. ३६ तारांच्या चाकात हे नऊ बोल्ट नेमके बसतात. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या चाकाला बहुधा ४० तारा असतात, तिथे हिशेब चुकतो. किट घेण्याआधी तारा मोजा. बसवल्यावर चाक हाताने सावकाश फिरवा: चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल होत असेल तर दातेरी चाक मधोमध बसलेलं नाही. बोल्ट ढिले करून पुन्हा बसवा.

एका फेऱ्यात अठरा
बहुतेक किटमध्ये इंजिनाच्या आतली गिअरची जोडी ४.१ पट, बाहेर १० आणि ४४ दातांची जोडी ४.४ पट. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे अठरा. २६ इंची चाकावर ताशी ४० किमी गाठताना इंजिन मिनिटाला सुमारे ५,८०० फेरे घेत असतं. ४४ ऐवजी ३६ दातांचं चाक लावलं की हेच फेरे ४,७५० वर येतात. सपाट रस्त्यावर इंजिनाला उसंत मिळते, चढावर मात्र दम लागतो.

धूर की धन?
टू-स्ट्रोकला वेगळं ऑइल नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळायचं. सुरुवातीला बहुधा १६:१, म्हणजे लिटरला सुमारे ६२ मिली. विसरलात की पिस्टन जाम. फोर-स्ट्रोकला ही कटकट नाही, धूरही कमी, पण किंमत जास्त आणि इंजिन रुंद. पाय घासू नयेत म्हणून पॅडलचा दांडा रुंद घ्यावा लागतो.

०.७ सीसीने हुकलं
भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी ‘मोटार वाहन’ ठरत नाही. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये आलेल्या सायकलमास्टर या किटचं मागच्या चाकातच बसणारं इंजिन होतं २५.७ सीसीचं! आजचं ४८ सीसीचं किट तर कितीतरी पुढे. ते लावून सार्वजनिक रस्त्यावर उतरलात तर नोंदणी, विमा, परवाना सगळं आलं.

लूनाचं पॅडल
१९७२ मध्ये आलेल्या कायनेटिकच्या ५० सीसी लूनालाही पॅडल होतं, पण तिची फ्रेम, चाकं आणि ब्रेक मुळातच मोपेडचे. किटमध्ये ब्रेक येत नाहीत. ताशी १५ वरून ४० वर गेलात की थांबवायची ऊर्जा होते सातपट, आणि ब्रेक तेच जुने.

तेव्हा पहिलं किट घ्यायचं तर ४८ सीसीचं, चेनवालं आणि सुटे भाग मिळणारं घ्या. पहिल्या फेरीनंतर प्रत्येक नट पुन्हा आवळा. आणि वरचे सीसी घेण्यात जाणारे पैसे चांगल्या ब्रेकवर खर्च करा.