होडी व तिचें यंत्र : खरेदीपूर्वींचा विचार

शेतीस जोडधंदा असावा, हें आतां कोणास पटवून द्यावें लागत नाहीं. पालघर तालुक्यांत मासवणच्या आसपास सूर्या नदीच्या कांठीं ज्यांच्या जमिनी आहेत, त्यांस पाण्याचा शेजार जन्मतःच लाभलेला आहे. कोणास पलीकडच्या तीरावरील वाडींत खत व बियाणें न्यावयाचें असतें, कोणास तळ्यांतील माशांस खाद्य घालावयाचें असतें, तर कोणी खाडीकडील नातलगांबरोबर होडींत भागी घालण्याच्या विचारांत असतो. अशा मंडळींच्या बोलण्यांत अलीकडे अ‍ॅल्युमिनियमची होडी आणि तिच्या पाठीस टांगावयाचें आउटबोर्ड इंजिन हा विषय वारंवार निघूं लागला आहे.

जमीन घेतांना आपण सात-बाराचा उतारा पाहतों, फेरफार वाचतों, बांधावरून चालून येतों. होडी घेतांना मात्र रंगीत पत्रक पाहून बयाणा देण्यास तयार होतों. आमची हयात महसुली दप्तरांत गेली. कागद पाहिल्यावांचून शेरा मारावयाचा नाहीं, ही तेथील शिस्त. तीच शिस्त या खरेदीस लावली तर काय दिसतें, तें वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे. ही खरेदी बहुधा कर्जावर होते, आणि कर्जास तारण राहते ती जमीनच. म्हणून हा विचार हौसेचा नसून घराच्या चुलीचा आहे.

पहिला प्रश्न : काम कोणतें?

नदी ओलांडण्याची होडी, तलावांतील होडी, खाडीची होडी व समुद्राची होडी या चार वस्तु भिन्न आहेत. एकीचें यंत्र दुसरीस चालत नाहीं. मासवणजवळील सूर्येचें पात्र ओलांडावयास वल्हें किंवा बांबू पुरतो; दिवसांतून दोन फेऱ्यांसाठीं यंत्र घेणें म्हणजे कोयत्याच्या कामास करवत-गिरणी आणणें होय. धामणीसारख्या मोठ्या जलाशयांत अंतर लांब पडतें व वाऱ्यानें लाटा उठतात, तेथें लहान यंत्राचा उपयोग आहे. सूर्या जेथें वैतरणेस मिळते त्याच्या खालीं, अर्नाळा-दातिवऱ्याच्या मुखाकडे जावें तसतशी भरती-ओहोटी गांठावी लागते. तेथें ओढीविरुद्ध चालेल इतकी शक्ति हवी. आणि सातपाटी-मुरब्याच्या बाहेरील समुद्र हा तर वेगळाच प्रांत. तेथील होड्यांचा घाट मत्स्यव्यवसायाच्या ग्रंथांतही सातपाटीच्या नांवानेंच ओळखला जातो, इतका तो तेथील पाण्यास जमलेला आहे. त्या धंद्यास आंत बसविलेलें डिझेल इंजिन व भक्कम मोठी होडीच पाहिजे. पत्र्याची हलकी होडी घेऊन त्या पाण्यांत उतरण्याचा सल्ला आम्ही कोणास देणार नाहीं.

पत्रा, लांकूड कीं फायबर?

अ‍ॅल्युमिनियम, ज्याच्या भांड्यांस आपल्याकडे 'जर्मन' म्हणतात, तो धातु लोखंडाच्या सुमारें एक तृतीयांश वजनाचा आहे. सोळा फुटी होडी शंभर ते दीडशे किलोंत होते. चार माणसें ती उचलून काठावर ठेवतात. पावसाळ्यांत सूर्येस पूर आला म्हणजे होडी चटकन वर ओढतां येणें, हा केवढा लाभ आहे तें नदीकांठचा माणूसच जाणतो. लांकडी होडीच्या फटी दरसाल बुजवाव्या लागतात, तेल द्यावें लागतें, वाळवी व कुजणें यांपासून जपावें लागतें. तो खर्च येथें नाहीं.

परंतु सर्वच पत्रा एक नव्हे. भांड्यांचा पत्रा खाऱ्या पाण्यांत टिकत नाहीं. त्यास बारीक खड्डे पडतात. होडीसाठीं मॅग्नेशियम मिसळलेला, ५०५२ किंवा ५०८३ या क्रमांकांनीं ओळखला जाणारा पत्रा लागतो. विक्रेत्यानें हा क्रमांक व पत्र्याची जाडी पावतीवर लिहून द्यावी. तोंडी हमी ही हमी नव्हे.

दुसरी गोष्ट सांध्यांची. रिवेट मारलेली होडी स्वस्त पडते, पण लाटांच्या आदळण्यानें व खडकावर घासल्यानें रिवेट सैल होऊन झिरपा लागतो. वेल्डिंग केलेली अधिक टिकते. मात्र तें वेल्डिंग आर्गॉन वायूचें असतें, गेट-खिडक्या जोडणाऱ्या साध्या कारागिराचें तें काम नव्हे. म्हणून असें दुरुस्तीचें दुकान जवळ कोठें आहे, हें खरेदीपूर्वींच विचारून ठेवावें. लांकडास गांवचा सुतार मिळतो, फायबरच्या होडीस कांचेचें कापड व राळ लावून घरींही ठिगळ देतां येतें. या दोन बाबतींत पत्रा मागें पडतो.

तिसरी गोष्ट शेतकऱ्यांनीं विशेष लक्षांत ठेवावी. अ‍ॅल्युमिनियमचें तांब्याशीं वैर आहे. ओल्या जागीं दोन धातु एकमेकांस लागले कीं पत्रा झिजतो. म्हणून तांब्याचें मिश्रण असलेला रंग तळास देऊं नये, पितळी खिळे-स्क्रू वापरूं नयेत, तांब्याच्या औषधांत बुडविलेली फळी आंत बसवूं नये. चुना, ओली राख, ताजें सिमेंट आणि म्युरेट ऑफ पोटॅशसारखीं क्षारयुक्त खतें पत्र्यास खातात. खताचीं पोतीं पलीकडे न्यावयाचीं असल्यास खालीं जाड ताडपत्री घालावी, व काम झाल्यावर होडी गोड्या पाण्यानें धुवावी.

शेवटीं, पत्रा स्वतः तरंगत नाहीं. पाणी भरल्यास लांकडी होडी तरंगत राहूं शकते, पत्र्याची तळाशीं जाते. बांकांखालीं फोमचे बंद कप्पे आहेत कीं नाहींत तें पाहावें, आणि पैसे देण्यापूर्वीं उथळ पाण्यांत होडी कांठोकांठ भरून ती तरंगते कीं नाहीं याची परीक्षा घ्यावी. जो विक्रेता या परीक्षेस कबूल होणार नाहीं, त्याच्याकडून होडी घेऊं नये.

यंत्राची शक्ति किती असावी?

पाठीस टांगावयाचें यंत्र कांहीं नवें नाहीं; अमेरिकेंत ओल एव्हिनरूड यानें १९०९ सालीं तें विक्रीस काढलें. आपल्या देशांत केरळच्या किनाऱ्यावर १९८० नंतर त्याचा मोठा प्रसार झाला. तेथील कथा बोधप्रद आहे. आरंभीं सात-आठ घोड्यांचीं यंत्रें आलीं. मग शेजाऱ्याच्या पुढें जाण्यासाठीं पंधरा, पंचवीस, चाळीस असा चढ सुरू झाला, आणि मोठ्या होड्यांवर एकाच वेळीं दोन-तीन यंत्रें लावण्यापर्यंत मजल गेली. यंत्र वाढलें, इंधन वाढलें. समुद्रांतील मासा मात्र त्या हिशेबानें वाढत नाहीं. शेतकऱ्यांस हें निराळें सांगावयास नको. विहिरीवरच्या पंपांची अशीच स्पर्धा आपण पाहिलेली आहे.

पाण्यांतून कापीत जाणाऱ्या होडीच्या वेगास निसर्गानेंच मर्यादा घातलेली आहे. तिची पाण्यांतील लांबी फुटांत घ्यावी, तिचें वर्गमूळ काढावें व त्यास १.३४ नें गुणावें. येणारा आंकडा हा ताशीं सागरी मैलांतील सोयीचा वेग. सोळा फुटांचें वर्गमूळ चार; म्हणजे वेग ५.३६ सागरी मैल, अथवा ताशीं सुमारें दहा किलोमीटर. याच्यापुढें भरलेली होडी ढकलूं गेल्यास तिचें नाक वर येतें, मागें मोठी लाट उठते आणि पेट्रोल त्या लाटेंतच जातें. रिकामी हलकी होडी मोठ्या यंत्रानें पाण्यावर उचलली जाऊन धांवते हें खरें. विक्रेता तीच गंमत दाखवितो. पण आपणांस रिकामी होडी चालवावयाची नाहीं.

आतां वजन मोजूं. होडी १३० किलो, यंत्र व इंधन ४०, तीन माणसें १८०, जाळीं व माल १५०; एकूण ५०० किलो, म्हणजे अर्धा टन. दर टनास पांच घोडे हा ठोकताळा धरल्यास अडीच घोडे पुरतात. वारा, ओढ व लहान पंख्याची नासाडी यांसाठीं दुप्पट धरले तरी पांच घोड्यांचें यंत्र झालें. नदी-तलावाच्या सोळा फुटी होडीस यापेक्षां मोठें यंत्र घेण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. खाडींत ओढ जोराची असल्यास आठ-दहा घोडे.

टू-स्ट्रोक कीं फोर-स्ट्रोक?

टू-स्ट्रोक यंत्र हलकें, साधें व किंमतीस कमी. त्यांत पेट्रोलांतच तेल मिसळावें लागतें. फोर-स्ट्रोक जड व महाग, पण इंधन कमी खातें आणि आवाज कमी करतें. जुन्या धर्तीच्या टू-स्ट्रोकांत घेतलेल्या इंधनापैकीं पाव हिस्स्यापर्यंत इंधन न जळतांच धुरावाटे पाण्यांत जातें. म्हणजे चार लिटरांचे पैसे देऊन तीन लिटरांचें काम. त्याहून मोठा मुद्दा असा कीं, मासवण येथें उपसलेलें सूर्येचें पाणी वसई-विरारच्या लोकांच्या मुखीं जातें, आणि कांठच्या पाड्यांची तहानही हीच नदी भागविते. ज्या पाण्यावर आपलीं गुरें व इतरांचीं मुलें जगतात त्यांत तेल सोडणें, हें स्वस्ताईच्या सबबीखालीं क्षम्य ठरत नाहीं. गोड्या पाण्यासाठीं फोर-स्ट्रोकच घ्यावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

इंधनाचा अदमास असा. फोर-स्ट्रोक यंत्र पूर्ण जोरानें चालविल्यास दर घोड्यामागें ताशीं सुमारें एक तृतीयांश लिटर पेट्रोल जळतें. पांच घोड्यांचें यंत्र बेतानें चालवून ताशीं सव्वा लिटर धरूं. रोज तीन तास, वर्षास दोनशें दिवस, म्हणजे ७५० लिटर. दहा घोड्यांचें यंत्र जोरानें ताशीं तीन लिटर खाईल. तितक्याच वेळांत १८०० लिटर. फरक १०५० लिटरांचा. लिटरास शंभर रुपये धरले तर वर्षाचे एक लाख पांच हजार रुपये केवळ घाईचे झाले! वेग दहावा हिस्सा कमी केला तर त्याच अंतरास सुमारें पांचवा हिस्सा इंधन वांचतें, हा नियम यंत्र चालविणाऱ्या मुलास पाठ करावयास लावावा.

होडी व यंत्र यांचा मेळ

यंत्राची दांडी साधारणतः पंधरा, वीस व पंचवीस इंच अशा मापांत येते. होडीच्या मागील फळीची उंची मोजून त्या मापाची दांडी घ्यावी. पंख्यावरील आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेंत किंवा इंचभर खालीं यावी. वर राहिल्यास पंखा हवा ओढून नुसता गरगरतो, फार खालीं गेल्यास दांडीच पाण्यास अडविते व उथळांत खडकावर आपटते. ओझें वाहणाऱ्या होडीस मोठ्या घेराचा व कमी पीचचा पंखा लागतो. धांवत्या होडीचा पंखा तिला देऊं नये. होडीवर अधिकांत अधिक किती घोडे व किती माणसें चालतील याची पट्टी असल्यास ती वाचावी.

जुनें यंत्र व त्याची निगा

जुनें यंत्र घेतांना चार परीक्षा कराव्या. सुरू होतांच बाजूच्या भोकांतून पाण्याची धार जोमानें येते काय? गिअरचें तेल काढून पाहावें. तें दुधासारखें पांढुरकें असल्यास आंत पाणी शिरलें आहे. झीज सोसण्यासाठीं लावलेला धातूचा तुकडा शिल्लक आहे काय? सुटे भाग पालघर-बोईसरकडे मिळतात काय? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर नाहीं असें आल्यास पहिल्या तिहींचा उपयोग नाहीं.

खाऱ्या पाण्यांतून आल्यावर यंत्र दहा-पंधरा मिनिटें गोड्या पाण्यावर चालवावें. नव्या यंत्राची पहिली तपासणी साधारणतः वीस तासांनीं व पुढें दर शंभर तासांनीं करावी. पावसाळ्यापूर्वीं टाकी व कार्ब्युरेटर रिकामा करावा. हल्लींच्या पेट्रोलांत इथेनॉल असतें, तें दमट हवेंत पाणी ओढून घेतें व चार महिन्यांनीं यंत्र मुकें होतें.

कायदा व जीव

सागरी मासेमारीस महाराष्ट्राचा १९८१ सालचा कायदा व त्यांतील २०२१ ची दुरुस्ती लागू आहे. नदी-जलाशयांतील यांत्रिक नौकांस २०२१ सालचा केंद्राचा निराळा कायदा आहे. जलाशयांतील मासेमारीचा हक्क बहुधा सहकारी संस्थांस ठेक्यानें दिलेला असतो. होडी आपली म्हणून मासा आपला होत नाहीं. कोळी व आदिवासी बांधवांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा त्या पाण्यावर आहे, त्यांच्याशीं भागी करावी, चढाओढ करूं नये. २०२० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेंत सर्वसाधारण वर्गास ४० टक्के आणि अनुसूचित जाति-जमाति व स्त्रिया यांस ६० टक्क्यांपर्यंत साहाय्याची तरतूद ठेवण्यांत आली. तिची चालू स्थिति मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरींत विचारून, मंजुरी हातीं आल्यावरच बयाणा द्यावा.

१३ जानेवारी २०१८ रोजीं डहाणूच्या किनाऱ्याजवळ विद्यार्थ्यांनीं भरलेली होडी उलटून तीन मुली बुडाल्या. म्हणून माणशीं एक तरंगतें जाकीट, एक बालदी, दोर व वल्हीं यांचा खर्च किंमतींतच धरावा. वल्ह्यावांचून यंत्राची होडी काठावरून सोडूं नये.

सारांश असा : नदी ओलांडण्यास वल्हें, तलाव व शांत पाण्यास वेल्डिंगची पत्र्याची होडी व पांच घोड्यांचें फोर-स्ट्रोक, खाडीस त्याहून थोडें मोठें, समुद्रास कोळी बांधवांचा अनुभव व त्यांचीच होडी. किंमत, व्याज, इंधन व दुरुस्ती यांची बेरीज करून ती वर्षांतील फेऱ्यांनीं भागावी. एका फेरीचा खर्च जर तिच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त येत असेल, तर बयाणा खिशांतच ठेवावा. नदी कोठें जात नाहीं. पुढल्या हंगामींही ती तेथेंच असेल.