१६० ग्रॅमचा फिशिंग रॉड १९५ ग्रॅमच्या रॉडपेक्षा जड का लागतो?

मोबाइल घेताना आपण मेगापिक्सेल बघतो आणि लॅपटॉप घेताना रॅम. फिशिंग रॉड घेताना मी तसंच केलं: वेबसाइटवर वजनाचा कॉलम उघडला, सगळ्यात कमी आकडा शोधला आणि ऑर्डर टाकून मोकळा झालो. १३ फुटांचा, पूर्ण कार्बनचा, फक्त १६० ग्रॅम! बाबा पहिल्यांदाच इंग्लंडला येणार होते आणि त्यांच्यासाठी चांगली वस्तू घ्यायची होती.

बाबा मूळचे सिंधुदुर्गातले. लहानपणी कर्लीच्या खाडीत बांबूची काठी घेऊन गरवायला जायचे. मी राहतो रेडिंगला, आणि इथे केनेट नदी गावातून वाहत जाऊन थेम्सला मिळते. ऑक्टोबरमधली सकाळ, पाण्यावर धुकं, सगळं जमून आलेलं. बाबांनी वीस मिनिटं रॉड धरला, मग हळूच गवतावर ठेवला आणि म्हणाले, "तू कर रे, मी बघतो." मला वाटलं थंडी वाजली असेल. घरी आल्यावर आई म्हणाली, "अरे, त्यांचा उजवा खांदा धरलाय. तुला सांगितलं नाही त्यांनी." दोन वर्षांपूर्वी फ्रोझन शोल्डर झाला होता, तो पूर्ण सुटलेलाच नव्हता.

पण मग प्रश्न उरतोच. माझ्याकडे एक जुना, सेकंडहँड घेतलेला १९५ ग्रॅमचा रॉड आहे. तो मी स्वतः तीन-तीन तास धरतो, आणि नवा हलका रॉड मलाही तासाभरात मनगटात जाणवतो. दिवसभर कीबोर्ड बडवल्यामुळे माझं मनगट तसं तक्रारखोरच आहे. तरी ३५ ग्रॅमनी हलकी वस्तू जास्त दुखवते, हे काही डोक्यात बसेना. शेवटी किचनमधला वजनकाटा आणि टेप काढला.

आधी फ्लोट फिशिंग म्हणजे काय ते थोडक्यात. दोरीवर एक हलकी काडी तरंगत ठेवायची, खाली गळ आणि आमिष. काडी बुडाली की मासा लागला. आपल्याकडे मोरपिसाच्या दांड्याचा फ्लोट करतात, आणि गंमत म्हणजे इंग्लंडमध्येही मोरपिसाचे फ्लोट पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. नदीत वाहत्या पाण्याबरोबर फ्लोट सोडत नेतात, त्याला इथे ट्रॉटिंग म्हणतात. त्यासाठी रॉड लांब लागतो, कारण दोरी पाण्यावर पडून प्रवाहात ओढली गेली की फ्लोट तिरका चालतो आणि माशाला संशय येतो. लांब रॉडने दोरी उचलून मागे घेता येते. म्हणून १३ फूट, म्हणजे जवळपास ३९६ सेंमी, ही इथली नेहमीची लांबी. तळ्यावर रॉड स्टँडवर ठेवून बसता येतं. ट्रॉटिंगमध्ये मात्र तो पूर्ण वेळ हातातच असतो, त्यामुळे आजचा हिशेब मुख्यतः ट्रॉटिंगचा आहे.

वजन किती, त्यापेक्षा वजन कुठे

बारावीच्या फिजिक्समधला टॉर्क आठवतोय? वजन गुणिले अंतर. दाराला बिजागरीजवळ ढकललं तर जोर लागतो, कडीजवळ ढकललं तर सहज उघडतं, तेच. रॉड आपण मुठीत धरतो, म्हणजे मूठ ही बिजागरी. रॉडचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो गुरुत्वमध्य. मुठीपासून गुरुत्वमध्यापर्यंतचं अंतर जितकं जास्त, तितकं टोक खाली ओढणार आणि मनगट पिळलं जाणार.

गुरुत्वमध्य शोधणं अगदी सोपं आहे. रॉड पूर्ण जोडा (तीन तुकडे वेगवेगळे मोजून चालणार नाही), रीळ काढून ठेवा आणि खुर्चीच्या पाठीवर आडवा ठेवून सरकवत राहा. जिथे समतोल साधेल तिथे टेपचा तुकडा चिकटवा. माझ्या दोन्ही रॉडमध्ये रीळ बसते ती जागा, म्हणजेच मूठ, मागच्या टोकापासून ५० सेंमीवर आहे. तिथून गुरुत्वमध्य किती पुढे आहे ते मोजलं.

नवा रॉड: १६० ग्रॅम, मुठीपुढे ८५ सेंमी. गुणाकार १३,६००.
जुना रॉड: १९५ ग्रॅम, मुठीपुढे ६० सेंमी. गुणाकार ११,७००.

एकक ग्रॅम-सेंटिमीटर. म्हणजे "जड" रॉडचा पीळ १४ टक्क्यांनी कमी! नव्या रॉडचा १३,६०० हा आकडा हाताला कसा जाणवतो? मुठीच्या १० सेंमी पुढे १ किलो ३६० ग्रॅमची पिशवी टांगली तर मनगटाला जेवढा पीळ बसेल, तेवढा. नव्या रॉडच्या हँडलमध्ये वजन वाचवायला पोकळ फोम वापरलाय आणि पुढच्या भागावर मात्र जाड रिंगा आहेत. जाहिरातीतला आकडा खरा होता, फक्त वजन चुकीच्या टोकाचं कमी केलं होतं.

मग मनगट मोडत कसं नाही? कारण आपण नकळत रॉडचं मागचं टोक कोपराखाली टेकवतो. पुढचं टोक खाली गेलं की मागचं वर येतं आणि हाताच्या खालच्या बाजूला दाबतं. पीळ मनगटाऐवजी हाताचं हाड सोसतं. पण हे फुकट मिळत नाही. हात रॉडला जेवढा खाली दाबतो, तेवढंच जास्तीचं वजन मुठीला वर उचलावं लागतं.

आता हँडल मुठीच्या ३० सेंमी मागे, कोपराजवळ टेकलंय असं धरा. नव्या रॉडसाठी १३,६०० भागिले ३० म्हणजे ४५३ ग्रॅम दाब. त्यात रॉडचे १६० आणि रीळचे ३०० मिळवा: मूठ एकूण ९१३ ग्रॅम उचलतेय. जुन्या रॉडचा हाच हिशेब ३९० अधिक १९५ अधिक ३००, म्हणजे ८८५. फरक थोडा वाटतो ना? मलाही वाटला. पण बाबांचा त्या दिवशी काढलेला व्हिडिओ पुन्हा बघितला तेव्हा खरी गोष्ट दिसली. खांदा दुखत असल्याने ते कोपर अंगाला चिकटवून मनगट वाकवून धरत होते, आणि हँडल हाताच्या मधोमध, जेमतेम २० सेंमीवर टेकत होतं. १३,६०० भागिले २० म्हणजे ६८०. एकूण बेरीज १,१४० ग्रॅम. वेबसाइटवर १६० ग्रॅम लिहिलेली वस्तू बाबांच्या मुठीला सव्वा किलोपेक्षा थोडीच कमी पडत होती, आणि तीही हात पुढे धरून.

"जड रीळ लावा, बॅलन्स होईल"

हा सल्ला प्रत्येक दुकानात मिळतो. मला तो अर्धवट वाटतो. रीळ मुठीच्या जवळजवळ खालीच लटकतं, म्हणजे बिजागरीवरच. तिथे अंतर शून्याच्या आसपास, मग वजन कितीही असो, पीळ तेवढाच राहतो. होतं असं की जड रीळ लावलं की रॉड आणि रीळ मिळून समतोलाचा बिंदू मुठीकडे सरकतो. माझ्या नव्या रॉडवर ३०० ग्रॅमच्या रिळाने तो मुठीपुढे सुमारे ३० सेंमीवर येतो, ४०० ग्रॅमच्या रिळाने २४ सेंमीवर. बोटावर तोलून बघणाऱ्याला वाटतं, वा, बॅलन्स सुधारला! मनगटाचा पीळ मात्र १३,६०० च आहे, आणि खांद्यावर १०० ग्रॅम जास्त आलेत. खांदा दुखत असेल तर रीळ हलकंच घ्या.

पीळ कमी करायचा तर वजन मुठीच्या मागे, अगदी शेवटी हवं. इथे एक मजेशीर हिशेब आहे. ब्रिटिश २ पेन्सचं नाणं साधारण ७ ग्रॅमचं असतं. मागच्या टोकाला ७ ग्रॅम गुणिले ५० सेंमी म्हणजे ३५०. पुढचं टोक मुठीपासून ३४६ सेंमीवर, तिथला १ ग्रॅम म्हणजे ३४६. म्हणजे टोकावरचा एक ग्रॅम तोलायला मागे अख्खं एक नाणं लागतं. सात नाणी इलेक्ट्रिकच्या चिकटपट्टीने मागे गुंडाळली आणि नव्या रॉडचा पीळ १३,६०० वरून ११,१०० वर आला. चौदा पेन्समध्ये अपग्रेड!

पण प्रत्यक्षात पकड तितकी सुखाची झाली नाही. रॉड स्थिर धरलेला असतो तेव्हा टॉर्क महत्त्वाचा, पण फ्लोट बुडाल्यावर झटक्यात उचलायचा असतो तेव्हा दुसरी गोष्ट आडवी येते. तिथे अंतराचा वर्ग मोजला जातो. टोकावरचा १ ग्रॅम म्हणजे ३४६ चा वर्ग, सुमारे १ लाख २० हजार. मागची ५० ग्रॅम नाणी म्हणजे ५० गुणिले ५० चा वर्ग, १ लाख २५ हजार. म्हणजे हलवताना टोकावरचा एक ग्रॅम आणि मागची सात नाणी जवळपास सारखाच त्रास देतात. नाण्यांनी टोकाचं ओढणं कमी होतं, टोकाचा आळशीपणा जात नाही. तो घालवायचा तर रिंगा हलक्या हव्यात, टोकाचा तुकडा बारीक हवा. म्हणून दुकानात रॉड बघताना मी आता आधी पुढच्या तुकड्यावरच्या रिंगा बघतो, मग किंमत. रॉड आडवा धरून एक छोटा झटका द्यायचा: टोक पटकन थांबलं तर चांगलं, डुलत राहिलं तर ठेवून द्या.

लांबीबद्दलही एक इशारा. दर फुटाला वजन तेवढंच धरलं तर टोकाचं ओढणं ढोबळमानाने लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. १३ ऐवजी १५ फूट घेतला की साधारण ३३ टक्के जास्त. रुंद नदी नसेल तर कशाला घ्या? उलट रॉड थोडा वर करून धरला की पीळ कमी होतो. जमिनीशी ४५ अंशाचा कोन केला तर ३० टक्क्यांनी उतरतो. पण वारा असेल तर टोक पाण्याजवळच ठेवावं लागतं, आणि इंग्लंडमध्ये वारा नाही असा दिवस मला तरी आठवत नाही.

कार्बनबद्दल एक सुरक्षेची गोष्ट, गंमत बाजूला ठेवून. कार्बन फायबरमधून वीज वाहते. चार मीटरची काठी उभी करून विजेच्या तारांखालून चालणं जीवघेणं आहे. इथे तारांपासून ३० मीटर दूर राहा असा नियम सांगतात. ढग गडगडले की रॉड खाली ठेवून बाजूला व्हायचं. भारतात कोणी कार्बन रॉड वापरत असेल तर हे दुप्पट लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे तारा किती खाली लोंबतात ते तुम्हाला माहीतच आहे.

या वर्षी काय केलं

बाबा परत आले. यंदा त्यांच्या हातात जुना १९५ ग्रॅमचा रॉड दिला. त्याच्या कॉर्कच्या हँडलवर रीळ सरकत्या कड्यांनी बसतं, म्हणून ते ५ सेंमी पुढे घेता आलं. मूठ पुढे गेली, गुरुत्वमध्याचं अंतर ५५ झालं, पीळ १०,७२५. रीळ २३० ग्रॅमचं लावलं. आणि सगळ्यात मोठा फरक पैशांशिवायच पडला: त्यांना पाठ असलेल्या खुर्चीवर बसवलं, कोपर मांडीवर टेकवायला लावलं आणि मनगट सरळ ठेवलं, म्हणजे हँडल ३० सेंमीवर कोपराजवळ टेकतं. हिशेब ३५८ अधिक १९५ अधिक २३०, म्हणजे ७८३ ग्रॅम. गेल्या वर्षीच्या १,१४० पेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी, आणि तेही "जड" रॉडने.

नाणी लावलेला नवा रॉडही त्यांना देऊन बघितला. त्यांनी एकदाच फिरवला आणि म्हणाले, "ही काठी तोंडाकडेच ओढते अजून. आणि मागचं हे गाठोडं बाहीत अडकतंय." माझी अर्ध्या संध्याकाळची आकडेमोड त्यांनी पाच सेकंदांत तपासली.

तुम्ही इथे कोणाला घेऊन जाणार असाल तर आधी कागदपत्रं बघा. इंग्लंडमध्ये १३ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला रॉड लायसन्स लागतं, पाहुण्यांनाही. एक दिवसाचं आणि आठ दिवसांचंही मिळतं. त्याशिवाय त्या काठावर मासे धरायची परवानगी वेगळी काढावी लागते. आणि बहुतेक नद्यांवर १५ मार्च ते १५ जून मासेमारी बंद असते, त्यामुळे उन्हाळी सुट्टीचं तिकीट काढताना तारखा बघून घ्या.

बाबा या वेळी एक तास चाळीस मिनिटं बसले. दोन रोच आणि एक छोटा डेस मिळाला, तिन्ही परत सोडले. सोडताना त्यांचा जीव तुटत होता, "कालवण झालं असतं रे" हे तीनदा म्हणून झालं. संध्याकाळी खांद्याला शेक घेतलाच, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता बूट घालून दारात उभे होते. नवा रॉड मी तळ्यासाठी ठेवलाय. तिथे तो स्टँडवर असतो.