कार्यफलक आणि त्याचे रकाने : तीन साधनांची तुलना

संशोधनप्रकल्पाचे काम अनेक हातांत वाटले गेले म्हणजे कोणते काम कोठवर आले आहे, हे सर्वांना एकत्र दिसण्याची गरज उत्पन्न होते. त्यासाठी संगणकावरील कार्यफलक आता पुष्कळ ठिकाणी वापरले जातात. फलकावर उभे रकाने असतात, प्रत्येक कामाचे एक कार्ड असते आणि काम सरकले की कार्ड पुढील रकान्यात जाते. दिसावयास ही साधने सारखी असली, तरी त्यांतील भेद महत्त्वाचे आहेत.

या पद्धतीचे मूळ जपानातील टोयोटा कारखान्यात आहे. 'कानबान' या जपानी शब्दाचा अर्थ पाटी किंवा फलक असा होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ताइची ओनो यांनी तेथे अशी व्यवस्था बसविली की, पुढच्या टप्प्याकडून कार्ड परत आल्याखेरीज मागच्या टप्प्याने नवे सुटे भाग तयार करू नयेत. म्हणजे कार्ड हे केवळ नोंदीचे साधन नव्हते. तो उत्पादनाला घातलेला बांध होता. संगणकावरील फलकांनी कार्ड उचलले. बांध मात्र सर्वांनी सारखाच उचलला नाही.

'ट्रेलो' हे साधन फॉग क्रीक या अमेरिकन कंपनीने २०११ साली काढले. २०१७ साली ते अ‍ॅटलासियन कंपनीकडे गेले. त्यात कोणतेही कार्ड कोणत्याही रकान्यात नेता येते. ते शिकावयास सोपे आहे. परंतु रकान्याचा अर्थ सर्वस्वी वापरणाऱ्यांच्या संकेतावर अवलंबून राहतो. याच कंपनीचे 'जिरा' (२००२) मुळात सॉफ्टवेअरमधील दोषांच्या नोंदीसाठी निर्माण झाले. कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाता येईल व तो बदल कोणी करावयाचा, हे त्यात आधी ठरविता येते. रकान्यातील कार्डांची कमाल संख्याही नेमता येते. मात्र ही मांडणी करण्यास जाणकार माणूस लागतो. 'वीकान' हे मुक्त-स्रोत साधन रचनेने ट्रेलोसारखे आहे. त्यातही रकान्याला मर्यादा घालता येते. शिवाय ते स्वतःच्या सर्व्हरवर बसविता येते.

या भेदांचे महत्त्व बोलीसर्वेक्षणाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. ध्वनिमुद्रण, ध्वनिलेखन, तपासणी व विश्लेषण असे चार रकाने कल्पावे. तासाभराच्या मुद्रणाचे ध्वनिलेखन करण्यास कित्येक तास लागतात. मर्यादा नसल्यास मुद्रणे साचत जातात आणि फलक भरलेला दिसल्याने काम जोरात चालल्याचा भास होतो. पुढे एखाद्या रूपाविषयी शंका निघते, तेव्हा ते सांगणारा वृद्ध निवेदक हयात असेलच असे नाही. ध्वनिलेखनाविना पाच मुद्रणे पडून असताना सहावे करावयाचे नाही, असा नियम असेल तर ही हानी बरीच टळते.

दोघातिघांच्या लहान प्रकल्पास ट्रेलो पुरेसे आहे. अनेक तपासनीस व निश्चित क्रम असेल, तर जिरा उपयोगी पडते. निवेदकांची नावे व संमतीची माहिती फलकावर यावयाची असेल, तर स्वतःच्या सर्व्हरवरील वीकान अधिक योग्य होय. मात्र त्याची देखभाल करणारी व्यक्ती विभागात हवी.

शब्दाप्रमाणे रकान्यालाही शेजाऱ्यापासूनच्या भेदानेच अर्थ प्राप्त होतो. म्हणून साधन निवडण्यापूर्वी प्रत्येक रकान्याविषयी दोन गोष्टी लिहून काढाव्यात : कार्ड तेथे येण्यापूर्वी काय पुरे झालेले असावे, आणि तेथे एका वेळी अधिकाधिक किती कार्डे असावीत. ही उत्तरे निश्चित झाली, म्हणजे साधनाची निवड फारशी अवघड राहत नाही.